नाव कुठे लपते?

गेल्या रविवारी भाची सकाळीच गाडी घेऊन दारात उभी. "मामा, मुळशीला जाऊन येऊ." सौभाग्यवतींनी चिवड्याचा डबा हाती दिला आणि आम्ही निघालो. भूगाव गेले, पिरंगुट गेले, पौड गेले, तरी एरवी अखंड बोलणारी मुलगी गप्पच. तेव्हाच मी ताडले, की हिला तलाव पाहायचा नाही, काही सांगायचे आहे.

काठावर बसल्यावर ती बोलली. ती एका सरकारी विद्यापीठात नोकरीला आहे. (कोणत्या ते विचारू नका. ती भाची आहे की पुतणी, हेही धरून चालू नका. का ते पुढे कळेल.) फेरतपासणीच्या वहीत एकाचे गुण खोडून वाढवलेले तिला दिसले. उत्तरपत्रिकेत मात्र जुनेच गुण. एकदा नव्हे, तीनदा. त्या वहीला हात लावणारी माणसे चार.

"मामा, निनावी पत्र टाकू?"

याच खोऱ्यात १९२१ साली रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात उतरले ते उघड, नाव सांगून. तेव्हापासून म्हणा किंवा आधीपासून, आपल्या मनात पक्के बसले आहे, की खरे सांगणाऱ्याने छाती काढून सांगावे. लपून सांगतो तो चहाडखोर. पण सत्याग्रह्यामागे खोरे असते. या मुलीमागे कोण? १९८५ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत नापास झालेला एक डॉक्टर, मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याची तक्रार घेऊन उघडपणे हायकोर्टात गेला. कोर्टाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. परंतु तो उमेदवार होता. त्याची वेतनवाढ कुलसचिवांच्या हातात नव्हती!

नोकराची गोष्ट निराळी. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनियरने २००२ साली महामार्गाच्या कामातला गैरप्रकार पंतप्रधानांच्या कार्यालयाला कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला तो नावासकट. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्याचा खून झाला. कोर्टात तो लुटारूंच्या माथी लागला, हे खरे. पण ते नाव टेबलाटेबलावरून का फिरले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

त्यानंतर २००४ साली केंद्राने ठराव केला. केंद्रीय दक्षता आयोगाला बंद पाकिटात तक्रार पाठवायची; पाकिटावर आपले नाव नको, आत मात्र हवेच. निनावी पत्राची दखल नाही. पोचही येत नाही, आणि हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण पोचेचे पाकीट आधी शेजारी वाचतो! पण ही सोय केंद्राच्या नोकरांविषयीच्या तक्रारींपुरती. भाचीचे विद्यापीठ राज्याचे. २०१४ साली संसदेचा कायदा झाला. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्यात आहे. ९ मे रोजी राष्ट्रपतींची सही झाली. अंमल मात्र अजून सुरू झालेला नाही.

हे सारे सांगून झाल्यावर, जे सांगायचे नव्हते तेही मी सांगितले. मी हेडक्लार्क असताना साहेबांकडे एक निनावी पत्र आले होते, स्टेशनरीच्या खरेदीबद्दल. अक्षर डाव्या हाताने काढलेले. साहेबांनी ते मला दाखवले. पत्रात एका बिलाचा क्रमांक होता, आणि ते बिल एकाच माणसाच्या टेबलावरून गेले होते. हुशारी मिरवायला मी म्हणालो, "साहेब, हे अमक्याचे काम." महिन्याभरात त्याची बदली झाली. बिल खरे की खोटे, कोणी पाहिलेसुद्धा नाही.

"म्हणजे पत्रात नाव नसले तरी चालत नाही?"

"चारांपैकी तू एक, हे तुझी हकीकतच सांगते. पाकीट उघडणारा शहाणा हवा. त्याने तीच वही मागायची नाही. दहा विषयांच्या वह्या वार्षिक तपासणी म्हणून एकदम मागवायच्या. तो तुझ्या खात्यातला नको. आणि चौकशी चालू आहे तोवर तुझी बदली, रजा, गोपनीय अहवाल यांतले काही त्या साहेबाच्या सहीने व्हायचे नाही. हे लेखी मिळणार असेल तर सहीनिशी लिही."

"आणि नसेल तर?"

मी चिवड्याचा डबा उघडला. तिने घेतला नाही.

"मामा, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"गडचिरोलीला गेला. मुलगी बारावीला होती, म्हणून कुटुंब इथेच राहिले."

"तुम्ही त्याला कधी सांगितलंत, नाव तुम्ही घेतलं म्हणून?"

"नाही."

परतताना पौड येईपर्यंत कोणीच बोलले नाही. पिरंगुटला चहासाठी गाडी थांबवून ती म्हणाली, "पत्राची एक प्रत तुमच्याकडे ठेवाल?"

काल ती प्रत आली. पत्राखाली तिची सही आहे.