जंतूची वंशावळ आणि वस्तीचे पाणी

टायफॉइडचा जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातो आणि तेथून रक्तात उतरतो. ही साथ आली की बोट वस्तीकडे दाखवले जाते. 'या लोकांना स्वच्छता कळत नाही', हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या आरोपाची उलटतपासणी करण्याचे हत्यार आता विज्ञानाने दिले आहे.

एकाच नावाच्या जंतूचेही अनेक वाण असतात. रुग्णांच्या रक्तातील जंतूंची जनुके वाचली की त्यांचे नाते कळते. वाण जवळजवळ एकच निघाले तर साथीचे मूळ एक असण्याची शक्यता बळावते. वेगवेगळे निघाले तर जंतू अनेक वाटांनी आला, असे समजावे.

पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबाद येथे २०१६ च्या अखेरीस सेफ्ट्रायॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. तोंडाने घ्यायच्या औषधांत मुख्यतः अ‍ॅझिथ्रोमायसिनच उरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांतील जंतू एकमेकांचे सख्खे निघाले. ते 'एच ५८' या कुळातले होते आणि ई. कोलाय जंतूंमध्ये आढळणारा जनुकांचा तुकडा त्यांनी उचलला होता. शहराच्या नकाशावर रुग्णांची घरे मांडली, तेव्हा ती सांडपाण्याच्या वाहिन्यांभोवती एकवटलेली दिसली. दोष लोकांच्या सवयींचा की नगरव्यवस्थेचा, याचे उत्तर यात आहे.

पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी लस नियमित लसीकरणात आणली. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच मुलांसाठी या लसीची मोहीम सुरू केली होती. लस हवीच. पण गटारातून जाणारी फुटकी पाइपलाइन लस टोचून दुरुस्त होत नाही!

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी ही कुणाची मेहरबानी नाही, तो माणसाचा हक्क आहे, हे त्या दिवशी जगाला कळले. तो हक्क नळापर्यंत पोहोचला, पण नळातून काय येते हे कोण तपासणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. वस्तीत टायफॉइड आला की रुग्णांच्या रक्ताचे कल्चर मोफत करा, जंतूंची जनुके वाचा, त्याच आठवड्यात पाण्याचे नमुने घ्या आणि अहवाल वस्तीतच जाहीर करा. कार्यकर्त्यांनीही निवेदन देताना औषधांबरोबर हा अहवाल मागितला पाहिजे. ज्यांनी आजवर आम्हाला घाणेरडे ठरवले, त्यांनी आधी आपल्या पाइपलाइनचा हिशेब द्यावा.