नाव कोरलेली भांडी मोडीत देण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत उमरेडच्या घरांमधून दरवर्षी बराच जुना माल बाहेर पडतो. माळ्यावरचे पितळी गुंड, कोपर, गंज, घंगाळं, झाकण हरवलेलं पानदान, ओसरीतून उतरवलेली बंगई, पेटीच्या तळाशी राहिलेले दिवाळी अंक. यातला बहुतेक माल भंगारवाल्याच्या हातगाडीवरून किंवा भांड्यांच्या दुकानातल्या मोडीतून सरळ भट्टीकडे जातो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर या मालाच्या मागे हिंडणं हा माझा आवडीचा उद्योग झाला आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जुनं जरूर विका, पण किलोच्या भावानं विकू नका, आणि ते कुणाचं, कुठलं हे सांगितल्याशिवाय हातावेगळं करू नका.

मोडीत आलेला गंज हातात घेतला की मी आधी काठाखाली पाहते. तिथे ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. लग्नाच्या पंगतीला गावभरची भांडी एकत्र यायची आणि नंतर ज्याची त्याला परत जायची, म्हणून नाव घालण्याची ही रीत. आहेराच्या भांड्यावर तर देणाऱ्याचं नाव, नातं, गाव आणि तारीखसुद्धा असते. माझ्याकडच्या एका गंजावर नाव झिजलं आहे, पण ‘भावाकडून’, ‘भिवापूर’ आणि 1951 हे स्पष्ट वाचता येतं. कोण्या भावानं बहिणीला दिलेली ही वस्तू माझ्या हाती आली तेव्हा तिची किंमत वजनकाट्यानं ठरली होती. आपल्याकडच्या साध्या बायकांची नावं फारशा कागदांवर सापडत नाहीत. सातबाऱ्यावर ती क्वचित, दस्तांवर त्याहून क्वचित. भांड्यांवर मात्र ती हमखास आहेत. भांडं वितळलं की ती नोंद कायमची जाते.

भंगाराच्या दुकानातला ओळखीचा माणूस मला दर वेळी विचारतो, “काहून जुनं घेता जी बाई? एवढ्या पैशात नवं येते नं!” त्याला मी भांडं उलटं करून दाखवते. हातानं ठोकून घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे बारीक ठसे ओळीनं दिसतात. आत कल्हईचा पांढुरका थर कोपऱ्यात टिकून असतो. रोज हात लागायचा तिथेच पितळ झिजलेलं असतं. मुद्दाम ॲसिड लावून जुनं केलेलं पितळ सगळीकडे सारखं काळवंडतं, वापराची झीज त्याला जमत नाही. जुन्या सागवानी कपाटाचे सांधे पाहावेत. खिळ्याशिवाय लाकडात लाकूड अडकवून केलेला जोड आजही हलत नाही. आणि जुनी वस्तू घरी आणल्यावर तिला चिंच-लिंबानं घासून लखलखीत करायची घाई करू नये, कारण कोरलेली अक्षरं आधीच उथळ झालेली असतात.

सेकंडहँड घेण्यात कमीपणा मानणारेही पुष्कळ आहेत. इथल्या खाणीच्या वसाहतीतून बदली होऊन किंवा निवृत्त होऊन जाणारी कुटुंबं पलंग, टेबलं, कूलर विकतात. नव्यानं संसार मांडणाऱ्या जोडप्यांना त्यातून दणकट सामान परवडतं. अशा घरांतून मीही पुस्तकं आणि एक सुरेख लिहिण्याचं टेबल घेतलं आहे. वापरलेली वस्तू घेणं हा काटकसरीचा आणि शहाणपणाचा व्यवहार आहे.

या सगळ्यात माझा जीव अडकला आहे तो मागात. उमरेड हे पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचं गाव. रेशीमकाठी धोतरांसाठी इंग्रज काळातल्या गॅझेटियरनंही त्याची नोंद घेतली. माझ्या आजोबांचा खड्डामाग होता. आजी कांड्या भरायची. यंत्रमागापुढे तो बंद पडला, आणि त्याचं लाकूड एका पावसाळ्यात सरपण म्हणून गेलं. घरात कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण माग म्हणजे गरिबीची आठवण होती. आज मी गावात जुना धोटा किंवा फणी शोधते तेव्हा लोक म्हणतात, “होतं जी, पण फेकलं.” ज्या अवजारांवर या गावानं पोट भरलं, ती आज मुलांना दाखवायची तर कुठे न्यायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अशाच फेकायच्या वस्तूंतून महाराष्ट्रातलं एक मोठं संग्रहालय उभं राहिलं. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (1896–1990) गावोगाव फिरून, घरोघर मागून, विकत घेऊन दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे जमवले. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी पुण्यात संग्रहालय केलं आणि वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो ठेवा पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तिथला प्रत्येक अडकित्ता कधीतरी कुणाच्या तरी चंचीतलाच होता. केळकरांनी त्याच्याकडे पाहिलं म्हणून तो वाचला. आपल्याकडे नागपूर–नागभीड नॅरोगेज 2019 मध्ये बंद झाली, पण निदान नॅरोगेजची जुनी इंजिनं नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतात, कारण ती जपायची असं कुणीतरी ठरवलं. घरातल्या पायली-अधोलीबद्दल असं कुणी ठरवत नाही. मेट्रिक मापं सक्तीची झाल्यावर ती निरुपयोगी ठरली, आणि धान्य मोजणारी ती माप-भांडी स्वतःच वजनावर मोजली गेली.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल हा आमच्या नागपूर भागाचा खास ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं ते सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवतात. जुने बैल सागवानाचे, चाकांवर उभे, आजोबांपासून नातवापर्यंत आलेले. नवा रंगीत बैल आला की जुना अडगळीत पडतो, आणि गावोगाव फिरणारा व्यापारी तो किरकोळ पैशांत उचलतो. मोठ्या शहरांतल्या दुकानांत असे बैल काचेमागे दिसतात, तेव्हा त्यांची किंमत ऐकून घाम फुटतो. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. त्यानं पारखलं, वाहून नेलं, जपलं. पण तिथल्या चिठ्ठीवर गावाचं नाव नसतं. मूळ मालकाला दाम मिळत नाही आणि गावाला श्रेय मिळत नाही, हे दुहेरी नुकसान मला खुपतं.

या छंदाला कायद्याची आणि विवेकाची मर्यादा हवी. पुरातन वस्तू व कलाकृती कायदा 1972 चा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू पुरावस्तू ठरतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधन तर 1878 च्या कायद्यापासून आहे. आपल्या शेजारच्या कुही तालुक्यातल्या अडमला आणि भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला उत्खननांत दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे पुरावे मिळाले. विदर्भाच्या माळरानांवर शिळावर्तुळं आहेत. नांगराला लागलेलं नाणं किंवा मूर्ती कुणी दाखवायला आणली, तर मी ती घेत नाही. जागेवरून उचलली की तिचं अर्धं बोलणं बंद होतं.

फसवणुकीबद्दलही सांगायला हवं. रामदरबार किंवा हनुमान असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ छापलेली नाणी लाखो रुपयांची म्हणून दाखवली जातात. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनंच 2021 मध्ये जाहीर केलं. तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी तांब्याच्या नादी लागून लोकांनी आयुष्याची कमाई घालवली आहे. जुन्याची ओढ असलेल्या माणसाला लोभाचं आमिष लवकर दाखवता येतं, म्हणून मी तरुणांना सांगते, वस्तू आवडली तर घ्या, लाखांच्या आशेनं घेऊ नका.

लोक मला विचारतात, दोन खोल्यांच्या घरात हे सगळं ठेवायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. ज्याला आज मुलीची फी भरायची आहे त्यानं पितळी गुंड का जपावा? म्हणूनच मी जपा असं म्हणत नाही, नीट विका असं म्हणते. उमरेड नगर परिषदेनं महिन्यातून एक दिवस मोकळी जागा जुन्या बाजारासाठी द्यावी. पुण्यात असा बाजार बुधवारी आणि रविवारी वर्षानुवर्षं भरतो. इथे भिवापूर, कुही, पवनीकडचे लोकही येतील. भंगारवाल्यांना त्यात पहिली जागा मिळावी, कारण कुठल्या घरातून काय निघतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. प्रत्येक शाळेनं एक कपाट राखावं आणि मुलांनी घरून आणलेली एकेक वस्तू, तिचं स्थानिक नाव आणि उपयोग लिहून, त्यात मांडावी.

आणि यासाठी नगर परिषदेच्या ठरावाची वाट पाहायचीही गरज नाही. या दिवाळीत माळा रिकामा करताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. प्रत्येक भांड्यावरचं नाव मोठ्यानं वाचा, ते माणूस कोण होतं ते विचारा, मोबाईलवर फोटो काढा आणि चार ओळी लिहून ठेवा. मग ती वस्तू खुशाल विका, पण त्या चार ओळी घेणाऱ्यालाही द्या. मोडीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मागायचा हक्क तुम्हाला त्या चिठ्ठीनंच मिळेल.