जुगाड म्हणू नका

२००४ साली मी एक जुनी मारुती ८०० घेतली. घर जळगावला, शिक्षकाची नोकरी धुळ्याला. सोमवारी पहाटे निघायचे, शनिवारी परत यायचे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे मागे टाकत नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आज त्याला ५३ म्हणतात. दोन पदरी रस्ता, समोरून येणारे ट्रक आणि खड्डे. गाडीत कॅसेट आणि रेडिओ होता. कॅसेटची फीत उन्हाने ताणली जायची आणि रफीसाहेबांचा आवाज आजारी माणसासारखा यायचा.

म्हणून मी साडेतीन हजारांत एक वापरलेला सीडी चेंजर घेतला. सहा सीडींचे मॅगझिन, एक वायरवाला रिमोट आणि एक छोटी डबी. ही डबी अँटेना आणि रेडिओ यांच्या मधे जोडायची. मग चेंजरचा आवाज रेडिओवर ८८.७ ला ऐकू येतो. म्हणजे जुना रेडिओ बदलावा लागत नाही. स्वस्त चेंजरची युक्ती हीच. एफएममधून आल्यामुळे आवाज सीडीइतका स्वच्छ राहत नाही, पण मारुती ८०० च्या इंजिनाच्या आवाजात तो फरक कोणाला कळणार?

सोबतचा इंग्रजी कागद वाचून मी एका रविवारी तो स्वतःच बसवला. मी विज्ञानाचा शिक्षक, मला काय अवघड? चेंजर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ठेवला, गालिच्याखालून वायर नेली. सुरू केला तर दोन तक्रारी. गाडी जरा हलली की गाणे उडी मारायचे. आणि अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी यायची, जितका वेग तितकी शिट्टी तीव्र.

शेवटी अजिंठा चौफुलीजवळच्या एका वायरमन चाचांकडे गेलो. वय साठीचे, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी सीट मागे सरकवली, चेंजर उचलून पाहिला आणि विचारले, "मास्तर, हे स्क्रू कोण काढणार?"

वाहतुकीत आतली यंत्रणा हलू नये म्हणून चेंजरला बाहेरून स्क्रू लावलेले असतात. ते काढल्याशिवाय आतल्या स्प्रिंगा काम करत नाहीत आणि प्रत्येक हादरा थेट सीडीला बसतो. कागदावर ते लिहिले होते. मी वाचलेही होते. मागच्या मालकाने काढले असतील असे गृहीत धरले होते. शिवाय चेंजर आडवा ठेवला की उभा, त्याप्रमाणे बाजूच्या स्प्रिंगांची जागा बदलावी लागते. तेही राहिले होते.

शिट्टीचे कारण त्यांनी वायर न पाहताच सांगितले. "अर्थ रंगावर घेतलाय." मी काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावरच्या स्क्रूला बांधली होती. चाचांनी पत्रा घासून चकचकीत केला, त्यावर वायर घट्ट बसवली. आल्टरनेटरची शिट्टी थांबली. बॅटरीकडून येणाऱ्या पिवळ्या वायरला त्यांनी फ्यूज लावला, तोही चेंजरजवळ नाही, बॅटरीजवळ. का, असे विचारल्यावर म्हणाले, "वायर मधेच कुठे घासली गेली तर? चेंजर वाचेल, गाडी जळेल."

मग त्यांनी विचारले, गाडीत कोण बसते, काय ऐकता. मी सांगितले, अम्मी असली की तिलावत, मी एकटा असलो की गझल, मुलांना सिनेमाची गाणी, आणि माझ्यासोबत येणाऱ्या पाटील सरांना अहिराणी गाणी. चाचा म्हणाले, "मग दुसरे मॅगझिन घ्या. तिलावत त्यात ठेवा. रँडमचे बटण चुकून दाबले गेले तर सूरह यासीननंतर आयटम साँग लागेल. मशीनला अदब कळत नाही, ती आपण ठेवायची." जाता जाता हेही सांगितले, की घरी भरलेल्या सीडी उन्हाळ्यात गाडीत सोडू नका, जळगावच्या उन्हात त्या टिकत नाहीत.

मजुरी त्यांनी दोनशे सांगितली. मी घासाघीस करून दीडशे दिले. ही गोष्ट मला आजही खटकते.

घरी येऊन मी स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगितला. एक सहकारी म्हणाला, "तुमचे लोक जुगाडात हुशार असतात." मी हसलो. तेव्हा उत्तर सुचले नाही, आज देतो.

जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. चाचांनी जे केले ते त्याच्या उलट होते. वेळ मी मारून नेली होती, तीही पदवी असताना. त्यांना कारण माहीत होते, धोका माहीत होता आणि गिऱ्हाईकाच्या घरातली अदबही माहीत होती. हेच काम गणवेशातल्या माणसाने केले तर त्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांत ते मोठ्या संख्येने आहेत. अशा माणसांकडे कौशल्य असते, कागद नसतो. चाचांचा मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेला तर पहिला प्रश्न आला, आयटीआय कुठून? त्याला गाड्या धुण्याचे काम मिळाले. आता गाडीसोबत स्क्रीन कंपनीचीच येते, चेंजर भंगारात गेले, आणि त्यासोबत बापाचे दुकानही.

सरकारच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. पण गॅरेजमधल्या पोरापर्यंत ती कोण पोहोचवणार? आपल्याकडे जलशांना वर्गणी जमते. वर्षातून एक रविवार मशिदीच्या किंवा उर्दू शाळेच्या आवारात फॉर्म भरून देण्यासाठी ठेवला तर वर्गणीही लागणार नाही. दोन-चार शिक्षक पुरेत.

दोष फक्त सरकारचा आणि त्या सहकाऱ्याचा नाही. आपल्यातही स्थळ बघताना "मुलगा मिस्त्री आहे" हे वाक्य आवाज खाली आणून बोलले जाते. हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि ते चिलखते बनवत, हे कुरआनात आहे, आपण ते दरवर्षी रमजानमध्ये ऐकतो. पैगंबर हाताने काम करतो आणि आपल्याला हाताने काम करणारा जावई नको, हे कसे?

माझ्या हातून दोन गोष्टी होऊ शकतात, त्या मी ठरवल्या आहेत. कारागिराने सांगितलेली मजुरी कमी करायची नाही. आणि माझ्यासमोर कोणी जुगाड म्हणाले तर हसायचे नाही, रंगवलेल्या पत्र्यावर अर्थ का लागत नाही ते आधी विचारायचे.