मायनॉरिटी म्हणजे अज्ञान नव्हे

आपल्या तोंडी बसलेल्या इंग्रजी शब्दांपैकी सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या शब्दानं केलं, असं विचाराल तर मी ‘मायनॉरिटी’ सांगेन. शब्द वाईट नाही, पण तो दोन अर्थांनी चालतो आणि त्यातला चुकीचा अर्थ आपल्या माथी मारला जातो.

कायद्याच्या भाषेत ‘मायनॉरिटी’चा एक अर्थ अठरा वर्षं पूर्ण नसणं. १९५६ च्या एका कायद्याचं नावच ‘हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्ट’ आहे. त्याचा अल्पसंख्याकांशी काडीचाही संबंध नाही, तो लहान मुलांच्या पालकत्वाचा कायदा आहे. अशा मुलाला मराठी कायद्यात ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लिहितात, ते अज्ञान पालनकर्ता.

राज्यघटनेच्या कलम २९ आणि ३० मधला ‘मायनॉरिटी’ हा शब्द मात्र संख्येचा आहे. उर्दूत त्याला अक़लियत म्हणतात, क़लील म्हणजे थोडं. वय कमी असलेला तो नाबालिग. मराठीतही अल्पसंख्याक वेगळा, अज्ञान वेगळा. दोन्ही भाषांनी फरक जपला आणि आपण इंग्रजी शब्द उचलून तो पुसून टाकला.

मग पालनकर्ते गोळा झाले. एक पुढारी म्हणतो, ‘यांचं रक्षण मी करतो.’ दुसरा म्हणतो, ‘यांचे लाड बंद करा.’ दोघंही आपल्याला लेकरूच समजतात. आपल्यातले काही बुजुर्ग तरी वेगळे कुठे आहेत? मुलीनं बारावीनंतर शिकायचं का, मोहल्ल्यानं मत कुणाला द्यायचं, हे तेच ठरवणार. मूल सज्ञान झालं की सातबाऱ्यावरचा अ.पा.क. निघतो, आपल्या नावापुढचा काही निघत नाही.

कुणी म्हणेल, शब्दावर काय भांडता, सवलती मिळाल्याशी मतलब. पण ज्याला सवलत म्हणून घेतलं, ते काढून घेतलं तरी जाब विचारता येत नाही. २०२२ मध्ये केंद्रानं अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे, हे कारण दिलं. वही, दप्तर, एसटीचं भाडं यांचा हिशेब किती जमातींनी लेखी मागितला?

कलम ३० ही सवलत नाही. आपल्या पसंतीची शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा तो मूलभूत हक्क आहे, धर्मानं अल्पसंख्य असणाऱ्यांना आणि भाषेनंही. अल्पसंख्याक कोण, हे राज्य धरून मोजायचं, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं. म्हणून बेळगावचा मराठी माणूस कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक ठरतो. त्याला अज्ञान म्हणायची कुणाची हिंमत आहे? तो मराठी शाळा मागतो तो हक्क, आणि उर्दू शाळेसाठी शिक्षक मागितला की लाड, हा कुठला न्याय?

इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला ‘मायनर’ वेगळ्याच अर्थानं ठाऊक आहे. कालव्याच्या वितरिकेला फुटलेली लहान चारी म्हणजे मायनर. तिच्यात पाणी निरा डाव्या कालव्याचंच येतं. शेतकरी पाणीपट्टी भरतो आणि पाळी चुकली तर अर्ज घेऊन पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन जाब विचारतो. तिथं तो कुणाचं लेकरू म्हणून जात नाही.

फॉर्मवर मायनॉरिटीच्या रकान्यात खूण जरूर करा. सही मात्र सज्ञान माणसासारखी स्वतःची करा.