बाळ कोणत्या भिंतीशी निजतं?

पूस महिना लागला की एटापल्ली-भामरागडकडे पहाटेच्या शेकोटीपासून कुणाचा पाय निघत नाही. चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की राज्याला फक्त उन्हाळा आठवतो. इथली थंडी ठाऊक असते ती गृहभेटीला निघणाऱ्या आशाताईंना, उपकेंद्रातल्या एएनएम भगिनींना आणि बाळंतिणीच्या घरच्यांना. म्हणून या वेळचं संपादकीय औषधांवर नाही, बाळंतिणीच्या खोलीतल्या उबेवर आहे.

खाटेखाली शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची रीत तुम्हाला नवी नाही. ते दिसलं की आपण रागावतो. रागाला कारणही आहे: धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. पण घमेलं बाहेर काढायला लावून आपण पुढच्या घरी जातो, तेव्हा त्या खोलीत मागे थंडीच उरते. सासूबाईंनी धोका बरोबर ओळखला होता, उपाय तेवढा चुकला. बोलणं तिथून सुरू करावं.

तसं पाहिलं तर शेगडी फार कामाचीही नाही. तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. शेक लागतो तो समोरच्या अंगाला, पाठ गारच. शिवाय बाळाची बरीचशी ऊब अशा वाटेने जाते की खोलीतली हवा मोजून ती कळतच नाही. भिंतीला न टेकताही बाळाचं अंग जवळच्या गार भिंतीला उष्णता देत राहतं. रेडिएंट वॉर्मर ज्या तत्त्वावर बाळाला ऊब देतो, त्याच तत्त्वावर गार भिंत ती काढून घेते. बाळाची कातडी वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच-तीन पट. कुडकुडून ऊब करणं त्याला जमत नाही. तपकिरी चरबी जाळून ते तग धरतं, आणि कमी दिवसांच्या बाळाकडे तीही जेमतेम असते.

तेव्हा थर्मामीटर काढण्याआधी खाट कुठे आहे ते बघा. कुडाच्या भिंतीचं लिंपण जिथे उडालं असेल तिथून वारा सरळ खाटेवर येतो. शेणमातीचा हात फिरेपर्यंत निदान पोतं तरी लावता येतं. टिनाचं छप्पर दिवस मावळताच गार पडतं, नव्या घरकुलाची पातळ भिंत त्यामागोमाग. त्या मानाने चुलीमागची मातीची भिंत मोठी गुणाची. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपल्यावरही ती बराच वेळ कोमट राहते. चूल विझली, धूर निघून गेला, की खाट बाहेरच्या भिंतीपासून सरकवून या भिंतीकडे घ्यावी, दाराच्या रेषेतून काढावी. याला ना निधी लागतो ना मंजुरी.

घरातली सर्वांत भरवशाची शेगडी मात्र आईच. रात्रभर ३७ अंशांच्या आसपास, आणि लाकूड लागत नाही! बोगोटामध्ये डॉ. एडगर रे यांनी १९७८मध्ये कांगारू पद्धत सुरू केली ती दवाखान्यात. घरच्या घरी ती किती उपयोगी पडते, हे हरियाणातल्या फरीदाबाद आणि पलवल जिल्ह्यांतल्या अभ्यासाने दाखवलं: दीड ते सव्वादोन किलोच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’मध्ये तो २०१९ साली आला. आई थकली तर बापाच्या छातीशीही बाळ तितकंच उबदार राहतं; फक्त बापाची लाज घालवायचं काम आपल्यालाच करावं लागतं. डोक्याला टोपरं, पायांत मोजे, वरून वाकळ, आणि अंघोळ पहिले २४ तास तरी नाही. बाळ कमी वजनाचं असेल तर आणखी लांबवा.

या बाबतीत गडचिरोलीने कुणाच्या मागे राहायचं कारण नाही. ‘सर्च’ संस्थेच्या गावांत १९९५पासून आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला, १९९९ साली ते जगाने वाचलं. ते यश एकट्या उबेचं नव्हतं, जंतुसंसर्गावरच्या उपचाराचा त्यात मोठा वाटा होता. पण बाळ गुंडाळून ठेवणं त्या कामात होतंच. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात उभ्या राहतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आमची एकच तक्रार आहे. या भेटी होतात सकाळी अकराला, अंगणात ऊन आल्यावर. थर्मामीटर ३६.८ दाखवतो, आपण समाधानाने लिहून घेतो. पहाटे चारला त्याच बाळाचे तळवे कसे होते, हे आईलाच ठाऊक. म्हणून तिला हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि तळवे तपासायला शिकवा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण तळवे गार, तर लगेच छातीशी घ्यायचं. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखान्याची वाट धरायची.

या महिन्याच्या भेटींत आणखी एक करा. वहीच्या मागच्या पानावर घराचा ओबडधोबड नकाशा काढा: चूल, दार, खाट, बाहेरची भिंत. खाट हलवायला कुणी नकार दिला तर कारणही लिहा. कधी देवघर आड येईल, कधी धान्याची कणगी. ते नकाशे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.