लिंबायतचं पोरगं चोर का पकडत नाही?

सुरतेत मराठी शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीलाही आता बराच काळ लोटला, पण एका प्रश्नाने अजून माझा पिच्छा सोडलेला नाही. वर्गातल्या पत्र्याच्या कपाटात फास्टर फेणेची सहा-सात पुस्तकं होती. पानं सुटलेली, कव्हरं दोऱ्याने शिवलेली. दर शनिवारी पोरं ती भांडून घरी न्यायची. अशाच एका शनिवारी सातवीतल्या मुलीने पुस्तक परत करताना विचारलं, "सर, आपल्याकडचं पोरगं चोर का नाही पकडत?"

आपल्याकडचं म्हणजे लिंबायतचं. तिचा बाप अमळनेरकडचा, लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करायचा. आई घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची. पोरगी घरात अहिराणी बोलायची, गल्लीत गुजराती, रस्त्यापलीकडच्या ओडिया पोरांशी हिंदी आणि माझ्यासमोर भीतभीत पुस्तकी मराठी. मी तिला दिलेलं उत्तर आठवलं की आजही मान खाली जाते. म्हटलं, "तू आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधार."

त्या उत्तराची फेड म्हणून हा लेख लिहितो आहे, असं समजा. ज्यांना तो झोंबेल त्यांनी खुशाल झोंबून घ्यावा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भा. रा. भागवतांवर माझा काडीचाही राग नाही. उलट माझी बाजू त्यांनीच भक्कम केली आहे. बनेश फेणे शिकला पुण्याच्या विद्याभवनात, पण तो आहे फुरसुंगीचा! भागवतांच्या मनात असतं तर त्याला सदाशिव पेठेतल्या वाड्यात जन्माला घालणं काय अवघड होतं? त्यांनी एक साधं गाव निवडलं आणि ते गाव महाराष्ट्रातल्या पोराटोरांना तोंडपाठ झालं. ज्यांनी फुरसुंगी कधी पाहिली नाही, ती सुरतेची पोरंही ‘ट्टॉक’ करत तिचं नाव घ्यायची. चीनच्या लढाईच्या धुमाळीत आणि काश्मिरात जाऊन आलेला हा पोरगा 2017 साली सिनेमातही आला. त्याच्या आधी तो दूरदर्शनवर येऊन गेलाच होता. मग त्याच्यामागून आलेल्या लेखकांनी काय केलं? फुरसुंगी सोडली आणि पुणे तेवढं धरलं. हेर पुण्याचा, शास्त्रज्ञ काका पुण्याचे, सुट्टीतला बंगला कोकणातला. आणि आम्ही? आम्ही असलोच तर गड्याच्या नाहीतर रखवालदाराच्या तोंडच्या दोन वाक्यांत, अवतरणचिन्हांत चिमटीत पकडल्यासारखे. वाचणाऱ्याने हसावं, म्हणून.

अहिराणी बोलणारा माणूस मराठी साहसकथेत विनोदासाठी येतो आणि गुजराती बोलणारा माणूस तिजोरीसाठी, ही माझी पहिली तक्रार. गुजराती म्हटला की तो ढेरपोट्या शेठ, वाक्याला चार वेळा ‘छे’ लावणारा, आणि शेवटी बहुधा तस्करांना सामील. या शेठला मी पुरता ओळखतो, कारण असा एक शेठ मीही लिहिला आहे.

ही कबुली द्यायला हवी. पोरीच्या प्रश्नानंतर काही वर्षांनी मी एक गोष्ट लिहिली. नायक मराठी, चोर गुजराती व्यापारी. शेजारच्या गुजराती कुटुंबातला मुलगा आमच्याकडे वाढल्यासारखाच होता, गल्लीतच मराठी शिकलेला. त्याने वही वाचून काढली आणि एवढंच म्हणाला, "काका, चोर अमारामांथीच का?" अर्धं वाक्य गुजराती, अर्धं मराठी. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत ओस पडू लागली, गाड्या भरभरून माणसं खानदेशाकडे निघाली, तेव्हा आम्हीही पळालो. घराची किल्ली याच मुलाच्या आजीकडे ठेवून पळालो. म्हातारी हलली नाही. परतलो तेव्हा तुळशीला पाणी घातलेलं होतं. आणि मी गोष्ट लिहायला बसलो, तर पेनातून काय उतरलं? तिजोरीवाला शेठ! माझ्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं नव्हे, मी वाचलेल्या पुस्तकांतली माणसं माझ्या वहीत आली होती. लहानपणी वाचलेलं असं मुरतं, म्हणून मुलांच्या पुस्तकांबद्दल मी एवढा तावातावाने बोलतो.

ती वही फाडून दुसरी गोष्ट लिहिली. नायिका लिंबायतची, तेरा वर्षांची. रात्री झोपेतही तिला कळतं की शेजारच्या खात्यातले कोणते लूम बंद पडले, कारण जन्मापासून ती त्याच खडखडाटात झोपली आहे. ताके चोरीला जातात. सुरतेचाच म्हणवणारा एक माणूस भेटतो, पण तो ‘सुरत’ म्हणतो, तेही दर वेळी स्वच्छ ‘सु’ काढून. अस्सल सुरती माणूस गप्पांच्या भरात आपल्या गावाला ‘हुरत’ म्हणून जातो, हे पोरीला ठाऊक. झालं, माणूस पकडला! पुण्यातल्या कुठल्याही बालहेराला हे जमलं नसतं. तीन भाषांच्या कात्रीत सापडलेली पोर म्हणून आपण जिची कीव करतो, तिचं तेच हत्यार आहे.

हस्तलिखित एका नामवंत मासिकाकडे पाठवलं. उत्तर सौजन्याने आलं, हे मान्य करायला हवं. संपादकांच्या सूचना अशा: नायिका पुण्याची करावी, ती सुट्टीत सुरतेला मावशीकडे येते असं दाखवावं. संवादांची भाषा प्रमाण करावी, बोलीतले शब्द ठेवायचेच तर तळटीप द्यावी. आणि वडील कारखान्यात मजूर आहेत, तर त्या अंगाने ‘एक सामाजिक कथा’ लिहिता येईल का, हे पाहावं.

वाचकहो, सगळं पाणी या तिसऱ्या सूचनेत मुरतं आहे. मजुराच्या पोराला गोष्टीत जागा आहे, पण ती दुःखाच्या फडताळात. फी नाही, दप्तर नाही, बाप दारू पितो, शेवटी सहृदय गुरुजी भेटतात. असल्या गोष्टी खोट्या असतात असं मी म्हणत नाही. सहृदय गुरुजी होण्याचा प्रयत्न मीही केला आहे. पण आमच्या पोरांना वर्षभर आपलं दारिद्र्यच वाचायला द्यायचं आणि भूतं, अंतराळयानं, गुप्त भुयारं ही मालमत्ता दुसऱ्यांच्या नावावर ठेवायची, ही कुठली वाटणी? 2006 च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. त्या पाण्यात पोरांनी काय काय केलं, ते त्यांनी मला सांगितलं आहे. त्यातलं करुण थोडं होतं. बाकी सगळं साहसच होतं.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत मेक्सिको, पोर्टो रिको, क्यूबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेल्या घरांना ‘लॅटिनो’ म्हणतात. त्यांच्या लेखकांचं गाऱ्हाणंही हेच: आमची पोरं गोष्टीत येतात ती सरहद्द ओलांडून येणारी दीनवाणी, नाहीतर टोळीतले गुंड म्हणून, जादूची कांडी कायम दुसऱ्याच्या हातात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुरा बेलप्रे नावाची पोर्टो रिकोची ग्रंथपाल होती, मुलांना दोन्ही भाषांत गोष्टी सांगणारी. तिच्या नावाने 1996 पासून तिथे अशा बालसाहित्याला पुरस्कार देतात. 2015 साली डॅनियल होजे ओल्डर याने ‘शॅडोशेपर’ ही अद्भुत कादंबरी लिहिली. नायिका ब्रुकलिनची, पोर्टो रिकन घरातली, भिंतींवर चित्रं काढणारी, आणि तीच चित्रं जिवंत होऊ लागतात! याच ओल्डरने स्पॅनिश शब्द तिरक्या अक्षरांत छापायला जाहीर विरोध केला. बोलताना कुणी आपलाच शब्द तिरका करून बोलतो का, हा त्याचा मुद्दा. आमच्या अहिराणीची अवतरणचिन्हं मला तेव्हा फार आठवली.

तिथे दुसराही वाद झाला. 2020 च्या जानेवारीत ‘अमेरिकन डर्ट’ ही मेक्सिकन आई-मुलाच्या पलायनाची कादंबरी वाजतगाजत आली. ती मोठ्यांसाठीची, पण मुद्दा आपल्या कामाचा. मेक्सिकन वंशाच्या अनेक लेखकांनी म्हटलं की यातला मेक्सिको बाहेरून पाहिलेला आहे. गदारोळ एवढा झाला की लेखिकेचा दौरा रद्द करावा लागला. तेव्हापासून कुणी लिहावं आणि कुणी लिहू नये याची चर्चा थांबलेली नाही. माझं मत विचाराल तर कुणीही लिहावं. पुण्याच्या लेखकाने लिंबायत जरूर लिहावं. पण त्याआधी उधना स्टेशनला उतरावं, आठ दिवस राहावं, खात्याचा आवाज कानात भरून घ्यावा आणि लिहिलेलं तिथल्या एखाद्या पोराला वाचून दाखवावं. मी जन्मभर सुरतेत राहूनही मला दुरुस्त करायला शेजारचा पोरगा लागला, मग बाहेरच्याचं काय सांगावं!

आता इतिहासाकडे वळतो. जरा सांभाळूनच. महाराजांची सुरतेवरची स्वारी, 1664 च्या जानेवारीतली आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरातली. ‘लूट’ म्हणावं की नाही यावर 2024 साली राज्यात केवढा धुरळा उडाला, तो आपण पाहिला. त्या वादात मला पडायचं नाही. मला माझा वर्ग आठवतो. धडा रंगात आलेला, घोडी बुऱ्हाणपूर दरवाजाशी आलेली, आणि मागच्या बाकावरून प्रश्न: "सर, आपण तेव्हा भिंतीच्या आत होतो का बाहेर?" पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही. या पोरांचं रक्त बाहेरच्यांचं आणि घर आतलं. आपल्या ऐतिहासिक कुमार-कादंबऱ्यांत घोड्यावरचा पोरगा नेहमी बाहेरून येतो. बहिर्जी नाईक सुरत टेहळून गेले अशी परंपरा सांगते, म्हणजे मराठी हेराचं सुरतेशी नातं चांगलं साडेतीनशे वर्षांचं! पण बहिर्जींना गल्ल्या कुणी दाखवल्या असतील? बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहून गेला आहे की डच कंपनीच्या एका दिवंगत दलालाचं घर, तो मोठा दानशूर होता म्हणून, शिवाजी महाराजांनी सोडून दिलं. त्या घराच्या शेजारी राहणारा बारा वर्षांचा पोरगा घ्या. लिहा ना त्याची गोष्ट! महाराजांचा मोठेपणा त्यात तसूभर कमी होत नाही, आणि सुरतेच्या पोराला पहिल्यांदा उभं राहायला जागा मिळते.

एक आक्षेप मात्र मला उडवून लावता येत नाही, कारण तो घरच्यांचा आहे. पालक म्हणतात, "गुरुजी, अहिराणी तर आमच्या घरात आहेच. पुस्तकातून तरी शुद्ध मराठी मिळू द्या. नाहीतर पोरगं ना इकडचं, ना तिकडचं." ही भीती खरी आहे. सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण माझ्याच विद्यार्थ्यांनी आपली पोरं त्या शाळेत घातलेली नाहीत. कारणं पोटाची आहेत, त्यांना दोष कसा देऊ? मी एवढंच विचारतो, की ज्या भाषेच्या एकाही गोष्टीत आपली गल्ली नाही, ती भाषा पोराने कशाच्या ओढीने धरून ठेवायची? अहिराणीचा ‘शे’ आणि गुजरातीचा ‘छे’ कानाला किती जवळचे लागतात, हे त्याला घरबसल्या कळतं. ही गंमत पुस्तकात आली तर प्रमाण मराठी बुडेल, हे मला पटत नाही. व्याकरणकार दादोबा पांडुरंगही 1844 च्या सुमारास सुरतेतच होते, दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभेच्या कामात. सुरतेच्या हवेने त्यांचं व्याकरण बिघडल्याचं ऐकिवात नाही.

शेजाऱ्यांचं उदाहरण पाहा. गुजराती मुलांचा लाडका बकोर पटेल 1936 साली आला तो याच सुरतेच्या ‘गांडीव’ पाक्षिकातून. राजकारणालाही मराठी सुरत केव्हाच सापडली आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009 पासून नवसारीचे खासदार आहेत, आणि लिंबायत त्यांच्याच मतदारसंघात येतं. मतपेटीला जो माणूस दिसला तो बालसाहित्याला दिसू नये?

दुसरी गोष्ट आता लिहून होत आली आहे. ती घडते नवापूर स्टेशनवर. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि एक बाकडं असं की बसणाऱ्यांतला एक या राज्यात, तर दुसरा त्या. पलीकडे दारूबंदी, अलीकडे गुटखाबंदी. चोराने कुठे पाय ठेवला म्हणजे कुठल्या फौजदाराने धरायचं, यावर चार प्रकरणं सहज निघतात. नायिका तीच, लिंबायतची. सोबतीला शेजारचा गुजराती पोरगा आहे, आणि या खेपेला चोर कुठला ते मी त्यालाच ठरवू दिलं आहे. संपादकांपैकी कुणाला हवी असेल तर जरूर कळवावं. शब्दसंख्येबद्दल माझा हट्ट नाही, एखादं प्रकरण वगळलं तरी चालेल. तळटीप मात्र मिळणार नाही, आणि पोरीची मावशी पुण्यात राहत नाही.