नेट गेलं की वायर निघाली? पोरांना नेटवर्क दुकानातच शिकवा



मागच्या दिवाळीत, ऐन संध्याकाळी, माझ्या दुकानात बिल छापायचं थांबलं. गिऱ्हाइकांची रांग लागलेली. मी जाहीर करून टाकलं, "नेट गेलंय." नेटवाल्याला फोन लावत बसलो, बिलं हातानं लिहिली. दहा-बारा जण माल काउंटरवर ठेवून निघून गेले.

तेवढ्यात दहावीतला भाचा म्हणाला, "मामा, इथल्या इथं छापायला नेट कशाला लागतं?"

खरंच की! कॉम्प्युटर दुकानात, प्रिंटरही दुकानात. झाडताना स्विचमधली वायर निघाली होती. बीबीएला 'लॅन म्हणजे काय' या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते बरं का!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पोरांना नेटवर्कचे प्रकार व्याख्येतून शिकवू नका, दुकानातून शिकवा. एकच प्रश्न विचारायचा, "हे जाळं कुठपर्यंत जातं?"

• पॅन: तुमचा मोबाईल आणि ब्लूटूथवरचा छोटा बिल प्रिंटर. हाताच्या अंतरावरचं काम.
• लॅन: दुकानातले कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. सगळं एका छताखाली.
• मॅन: शहरभर पसरलेलं जाळं. सांगली, मिरज, कुपवाड मिळून एखाद्यानं फायबर टाकलं, तर ते मॅन.
• वॅन: शहराबाहेरचं. गिऱ्हाईक यूपीआयनं पैसे देतं तेव्हा निरोप दूरच्या बँकेच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येतो. इंटरनेट हे सगळ्यात मोठं वॅन.

राउटर समजावताना मी मिरज जंक्शनच सांगतो. एकेकाळी इथं तीन रुंदीचे रूळ होते: पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. एकीची गाडी दुसरीच्या रुळावर जायची नाही. माणसं आणि माल मिरजेत गाडी बदलून पुढं जायचे. दुकानातलं जाळं आणि बाहेरचं जाळं वेगळं असतं. एकातला निरोप दुसऱ्यात पोचवायचं काम राउटर करतो. हे एकदा सांगितलं की मिरजेचं पोरगं विसरत नाही.

तुम्ही म्हणाल, "आमची पोरं दिवसभर मोबाईलवरच असतात, त्यांना सगळं येतं." वापरता येणं वेगळं आणि कुठं बिघडलंय ते सांगता येणं वेगळं. गाडी चालवणारा प्रत्येक जण मेकॅनिक असतो का?

या रविवारी एक तास काढा. पोराला दुकानात आणा आणि बाहेरून येणारी ब्रॉडबँडची वायर राउटरमधून काढा. आधी त्यानं अंदाज सांगायचा, मग तपासायचं. बिल छापलं जाईल का? दुकानातल्या स्क्रीनवर सीसीटीव्ही दिसेल का? घरी बसून मोबाईलवर दिसेल का? साउंडबॉक्स बोलेल का? पहिल्या दोन गोष्टी चालतील, कारण त्या लॅनवर आहेत. तिसरी बंद पडेल. चौथीचं उत्तर साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम आहे की तो दुकानाच्या वायफायवर चालतो, यावर आहे. ते पोरालाच शोधू द्या. (तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ऑनलाइनच चालणारं असेल तर पहिलं उत्तरही बदलेल. तेही आजच कळलेलं बरं!)

नवीन धंदा सुरू करणाऱ्यांनी तर हे पोरांबरोबर स्वतःही शिकावं. कारण बिल अडलं की गिऱ्हाईक मेकॅनिक येईपर्यंत थांबत नाही. माझं थांबलं नाही.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!